खाजणातलं गवत कुणी लावलं

आओचियाओ,
१२ मार्च २०२३

ती. दादास, धाकट्या बाओजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू उलटं ऐकतोस, म्हणून पत्रच बरं.

अखेर यंत्रं आली रे! खाजणातलं सगळं खारगवत कापणार, मुळं खणून काढणार आणि वर दोन वर्षं काळं कापड अंथरून ठेवणार. एक गुडघा फळीवर टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत आम्ही लांब शिंपल्या काढायला जायचो ना, तिथे आता गवत माझ्या डोक्यावर जातं. बायका बांधावर उभ्या राहून बघतात. माझी जाऊ तर रडलीच, आणि वर म्हणते डोळ्यांत धूळ गेली.

एक घोळ झालाय. यंत्रांच्या वाटेसाठी बांधावरचं खोपट पाडायचंय. राखणदार आ-गुईकाका सत्याऐंशीचा, तो जाणार कुठे? गवताचा पहिला झुबका त्याच्या दारापुढे उगवला, म्हणून ते त्यानेच लावलं असं गाव अजून म्हणतं. नववर्षाला त्याचा उंबरा कुणी ओलांडत नाही. हल्ली तो बरंच विसरतो. रोज विळा घेऊन चार काड्या कापतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागतो. आमचं खाजण ज्याने खाल्लं त्याला घरात कोण घेणार, असं सगळ्या म्हणतात. बांधामागचं तुझं घर रिकामंच आहे. मागची खोली देऊ का त्याला? हो म्हण.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाओजू

सानमिंग,
२० मार्च

चि. बाओजूस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या जावेच्या डोळ्यांत धूळ तरुणपणापासूनच फार जाते. इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून.

घराचं म्हणशील तर कौलं गळतात आणि उंदरांचं राज्य आहे. म्हाताऱ्या माणसाचे हाल होतील. सरकार त्याची काही सोय करेलच. तू उगाच गावाशी वाकडेपणा घेऊ नकोस. लांब शिंपल्या पुन्हा मिळू लागल्या तर वाळवून पाठव.

तुझा,
दाओमिंग

सानमिंग,
२२ मार्च

बाओजू,

परवाचं पत्र फाडून टाक. ते लिहिताना मला लाज वाटायला हवी होती, ती आज वाटते आहे. आ-गुई माफी मागतो ही तुझ्या पत्रातली ओळ पुन्हा पुन्हा काढून वाचतो आहे.

ते गवत मी लावलं.

एक्क्याऐंशीच्या वादळात बांध फुटून आपली दोन्ही खाचरं खारट झाली, आठवतं? मी शेतकी केंद्रात होतो. हे गवत चिखल धरून ठेवतं, म्हणून केंद्राने ते उत्तरेच्या टोकाला लावलं होतं. शिंपल्यांच्या वाफ्यांजवळ नको असं तुम्ही बायकांनी बजावलं होतं, आणि केंद्राने ते मानलं होतं. मी मानलं नाही. पहाटेच्या ओहोटीला मूठभर रोपं पंच्यात बांधून आणली आणि आपल्या बांधापुढे, त्याच्या खोपटासमोर खोवली. त्याने पाहिलं. कुणाला बोलू नको म्हणालो. तो म्हणाला, तुमच्या वडिलांचं मीठ खाल्लंय, नाही बोलणार. बोलला नाही. मी बढती घेऊन इकडे आलो.

खोली काय, सगळं घर दे. हे पत्र त्याला वाचून दाखव. तो म्हणेल ती शिक्षा मला मान्य आहे. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

दाओमिंग

आओचियाओ,
३१ मार्च

ती. दादास, सा. न.

मला ठाऊक होतं.

तो पंचा मीच धुतला होता. गाठीत मुळांचा झुबका निघाला, तो मी चुलीत घातला. बोलले असते तर तुझी नोकरी जात होती, आणि तुझ्या नोकरीकडे बघूनच माझं लग्न ठरलं होतं. पुढे सासरचे वाफे गवताखाली गेले. सासूबाई आ-गुईकाकाला शिव्या द्यायच्या तेव्हा मी खाली मान घालून जाळी विणायचे. तेव्हा एकट्याने सगळं ओझं घेऊ नकोस, निम्मं माझं आहे.

काल त्याला तुझ्या घरी आणला. उंदीर दोनच निघाले, राज्य वगैरे काही नाही. तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. बायकांना मात्र अजून सांगितलेलं नाही. पाच एप्रिलच्या पितरांच्या सणाला आईवडिलांच्या थडग्यावरचं गवत काढायला तू येणारच आहेस. त्याच दिवशी दोघं बांधावर जाऊ आणि सांगू. त्या फाडून खातील, खाऊ देत. घरी परतलेल्याला करतात तशा तांदळाची लाल दारू घालून शेवया करते, दोन अंडी तुझ्या वाट्याची.

उशीर झाला तरी आपला म्हणून ये.

तुझी,
बाओजू

ता. क. पत्र ऐकून आ-गुईकाकाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, हे लिहिणारा कोण? तुझं नाव सांगितलं, ते त्याला आठवेना. म्हणाला, भला माणूस दिसतो, त्याला लिही की उगाच जिवाला लावून घेऊ नकोस, ते गवत मीच लावलं.