अर्धा मोर

मंठा,
१२ मार्च १९९४

सगुणाआक्का,

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुला वाचता येत न्हाई, आन् पुन्हा तुझ्या ह्या घरच्या लेकाच्या, वसंताच्याच तोंडून ऐकायची पाळी तुझ्यावर आणायची न्हाई.

पहिल्या नवऱ्याच्या घरी लेकरू सोडून आलीस, हे तू मला एकट्यालाच सांगितल्तं. मी ते पुस्तकात लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं. पण लहानपणी गोंदणारणीच्या हातातून पळालीस म्हणून मनगटावर अर्धाच राह्यलेला मोर, तो तसाच ठेवला.

मामाचं पुस्तक म्हणून वसंता तुला कौतुकानं वाचून दाखवत होता. मोर आला आन् तो थांबला. तुझ्या हाताकडं बघत राह्यला, असं त्यानंच मला सांगितलं.

परवा कुंभार पिंपळगावला आल्तो. तू चहा दिलास. मनगटावर मोराच्या जागी बिब्ब्यानं जाळल्याचा काळा डाग होता. चहा संपवून मी निघालो. तेव्हापासून कोऱ्या कागदावरबी मला तो डाग दिसतो.

आता दुसरी आवृत्ती निघून राह्यली. तपासायचे कागद समोर हायेत. मोराच्या वाक्यावर दोनदा पेन टेकवला. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच हाये, आक्का.

न्हाई खोडलं.

तुझा धाकटा,
धर्मराज