नाडीतलं लोखंड

माय, तू माझ्या परकराच्या नाडीले बांधलेलं लोखंड काल मशीनवाल्यानं पकडलं. नवरा गेला तरी त्याले पत्ता नव्हता.

पहिल्या बाळंतपणाले मी तुझ्याकडे आली होती, तेव्हाचं ते. तू चुलीपुढे भाकर थापून राहिली होती आणि माझ्या हातून दूध उतू गेलं. तू म्हणाली, "तुह्या डोक्यात काईच नाई वं." हे तू रोजच म्हणत होती. मग त्याच पिठाच्या हातानं विळ्याचा तुटका तुकडा चिंधीत गुंडाळला आणि माझ्या नाडीले गाठ मारली. लोखंड अंगावर असलं की बाहेरचं काही झोंबत नाही, सोडायचं नाही, असं बजावलं. परकर बदलत गेले, लोखंड तेच राहिलं.

उन्हाळ्यापासून माझं डोकं दुखून राहिलं होतं. डॉक्टरनं रामदासपेठेत एमआरआय काढायले धाडलं. डोक्यात गाठ आहे का, ते पाहायचं होतं. मले कोणी सांगितलं नाही, पण पोरगा एकाएकी गोड बोलायले लागला, तेव्हा मी समजली. सोबत नात आली. तिच्या कॉलेजात याच जातीचं लहान मशीन आहे, त्यात ती काचेच्या नळीत पाणी घालून बसते. बाकड्यावर तिनं मले समजावलं. पाण्याच्या कणाकणाच्या पोटात इवलंसं चुंबक असते. मोठ्या चुंबकात ठेवलं की ते रांगेत उभे राहतात. रेडिओसारख्या लहरीनं ढोसलं की तिरपे होतात, आणि मग आपल्या जागी परततात. कोणाले किती वेळ लागते, तेच मोजायचं. त्यावरून आतली जागा कशी आहे ते कळते. मी म्हटलं, म्हणजे सुनांसारखं. एकीले बोललं तर लगेच सावरते, दुसरी चार दिवस फुगून राहते, त्यावरून माहेर कळते. नात म्हणे, परीक्षेत हेच लिहिते.

बांगड्या, कुड्या, केसातले आकडे, सारं काढून दिलं. मशीनवाल्यानं विचारलं, आणखी काही धातू? मी नाही म्हटलं. त्यानं हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं, तर कमरेशी ते कोकललं.

"आजी, हे काय?"

"तो धातू नाही. माझ्या मायचं आहे ते."

तो म्हणे, आतलं चुंबक तुमच्या मायचंही ऐकणार नाही, ओढून घेईल. नातीनं गाठ सोडून पाहिली, दात लावून पाहिले. तुझी गाठ ती. शेवटी कात्री आणली.

आत निजली तर मशीन असं ठोकायले लागलं की बाहेरचं काही असतंच, तर तेच पळालं असतं. हालू नका, बोलू नका, असं सांगितलं होतं. न बोलण्याचं जमलं. पण रिकाम्या कमरेवर सारखा हात जायले पाहत होता, तो दाबून ठेवणं जड गेलं.

आज डॉक्टरनं फोटो उजेडावर धरले आणि म्हणाला, "आजी, डोक्यात काहीच नाही." मानेची नस आहे म्हणे, गोळ्या दिल्या. पोरगा डोळे पुसून राहिला होता. मले हसू आलं. म्हटलं, हे माझी माय फुकटात सांगत होती.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुले वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायले तिकडे बाबा आहे, तो आपल्या मनचंच वाचेल. लोखंड मी परत बांधलं. नातीनं विचारलं, काहून? मी म्हटलं, त्याच्याशिवाय परकर घसरते.

परकर काही घसरत नाही, माय.