संकटकाळच्या दारातली देवी

श्रीयुत भगीरथराव व्याही यांच्या सेवेशी मुरबाडहून देवजीचा हात जोडून रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून ओटीवरच बसवतो? विहीणबाईंचा खोकला, दारची म्हैस, आमची लेक नम्रता आणि तिची दिशा, सगळी सुखरूप असतील असे धरून चालतो, कारण आज विचारपूस लांबवायला धीर नाही. भगीरथराव, आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मिनीबसचे पासिंग झाले! येत्या शनिवारी शेणव्याच्या शाळेत तुमची-आमची नात कविता म्हणेल, तेव्हा पहिल्या रांगेत तिचा हा आजोबा बसलेला असेल. (कविता फोनवरून मीच शिकवली आहे. तिसऱ्या कडव्यात पोर घाईने पळते. तिथे मी समोरून हाताने ताल धरला, तरच ती थांबेल. म्हणून तर इतके दिवस जीव टांगणीला होता.)

एसटी बदलत बदलत शेणव्याला पोचायचे आता आमच्यापैकी कोणाच्या कमरेला झेपत नाही. म्हणून मंडळाने वऱ्हाडे नेणाऱ्या एका माणसाकडून ही जांभळी बस घेतली, नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि आमची समजूत अशी की झाले, आता निघायचे. मग कळले की नुसता नारळ पुरत नाही. मंडळाची बस म्हणजे मंडळाच्याच माणसांनी बसायचे, तिकीट फाडायचे नाही, वाटेत हात करणाऱ्याला घ्यायचे नाही, आसने तितकीच माणसे, आग विझवायचे नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी, आणि या सगळ्यावर परवाना. खरे सांगू? ते नियम वाचताना मला जून महिन्यातल्या नव्या पुस्तकाचा वास आला. आमचे गुरुजी छडीने टेबलावर ठेका धरून भुजंगप्रयात शिकवायचे आणि आम्ही पोरे बाकावर डोलायचो, तसा मी ओटीवर बसून डोलू लागलो. एकेक नियम वृत्तात बसवला आणि भजनानंतर रोज सगळ्यांकडून घोकून घेतला. (प्रथमोपचाराची पेटीही सगळ्यांनी हौसेने भरली. तीत ओवा, सुंठ, हळद आणि कोणाची तरी तपकिरीची डबी निघाली.)

चूक झाली ती मागच्या दाराशी. त्यावर लाल अक्षरांत ‘संकटकालीन दरवाजा’ असे लिहिलेले. आमच्या अध्यक्ष चंद्रकलाबाई (गावदेवीची पूजा त्यांच्याच घराण्याकडे) म्हणाल्या, संकटाच्या वेळी धावून येते कोण? देवी. मग संकटाच्या दारात बसवायची कोण? यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. त्या दाराला आतून देवघर पक्के ठोकले, देवीचा पितळी मुखवटा त्यात बसवला, समई लावली, आरती केली, आणि अशा थाटात आम्ही इथल्याच आरटीओच्या तपासणी कॅम्पला हजर झालो.

तपासणीला आलेल्या बाई तरुण, पण नजर आमच्या गुरुजींची. त्यांनी टायर पाहिले, दिवे पाहिले, पेटीतली तपकीर हुंगून त्या पाच वेळा शिंकल्या, आणि मागचे दार उघडायला गेल्या. दार हलेना. आत डोकावल्या तर देवी त्यांच्याकडे बघते आहे. त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि देवघर हलवायला सांगितले. चंद्रकलाबाई म्हणाल्या की कौल घेतल्याशिवाय देवी हलत नाही. झाले! भर उन्हात मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. एकही पडेना. मागे टेम्पोंची रांग भोंगे वाजवू लागली. मला तर शनिवार, दिशा आणि ते तिसरे कडवे असे तिन्ही हातातून निसटताना दिसू लागले.

बाईंनी शांतपणे विचारले, “आजी, आग लागली तर आधी कोण उतरणार? देवी की तुम्ही?”

“देवी कशाला उतरते गो बाय? ती बसलेलीच हाय. आमी उतरू.”

“कुठून?”

चंद्रकलाबाई देवघरापासून दोन पावले मागे सरकल्या. भगीरथराव, त्यांना मी सुनांशी भांडताना, तलाठ्याशी भांडताना पाहिले आहे, पण मागे सरकताना पहिल्यांदाच पाहिले. एवढ्यात बाईंनी धूर तपासायला इंजिन चालू करायला सांगितले. आमची बस चालवणाऱ्या ऋतिकने चावी फिरवली, बस नखशिखान्त थरथरली, आणि उजवी कळी टपकन खाली. कळी देवीने पाडली की इंजिनाने, यावर थोडी कुजबुज झाली, पण रांग फार वाढली होती, म्हणून इंजिनही देवीचेच असे ठरले. देवी वाजतगाजत चालकाच्या मागच्या फळीवर गेली. दार उघडले, वारा आत आला. बाईंनी विचारले, नियम लक्षात राहतील ना? तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या,

नको थांबु दारात घेऊन पोती,
निघावे कसे संकटातून गोती!

बाईंनी ते पुन्हा म्हणायला लावले आणि वहीत उतरून घेतले. माझी कविता, सरकारी वहीत! मी रुमाल काढून चष्मा पुसत बसलो. तर शनिवारी येतोच आहोत. आमच्यासाठी मुद्दाम काही करू नका, फक्त पहिली रांग धरून ठेवा. लहानांना आशीर्वाद.

तुमचा व्याही,
देवजी

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. बाईंनी जाता जाता ऋतिकचा परवाना पाहिला. तो जीपचा निघाला. बस पास झाली, ऋतिक नापास. नम्रता सांगते की एसटीतून निवृत्त झाल्यावरही तुम्ही बसचा परवाना हौसेने दर वेळी नवा करून घेता. तरी शनिवारी पहाटे आपण शेणव्याहून एसटीने मुरबाडला यावे, आम्हांला बसमधून आपल्या घरी पाहुणे म्हणून न्यावे, दारात आमचे स्वागत करावे, सायंकाळी मुरबाडला सोडावे आणि एसटीने सावकाश घरी परतावे, ही विनंती.

ता. क. दुसरा. दुखतो तो गुडघा उजवा की डावा, हे तेवढे उलट टपाली कळवा. बसचा क्लच डाव्या पायाला फार कडक आहे.

ता. क. तिसरा. तुम्हांला विचारण्याआधी तुमच्या नावाने देवीला कौल लावला. उजवी कळी लगेच पडली. या वेळी इंजिन बंद होते.