बाण न येणारा चौकोन

३ मार्च, मंगळवार

वहिनी ज्या वॉर्डात नर्स आहे तिथल्या मोठ्या सिस्टरने चौकशीत सरळ सांगितलं — वहिनी खोटं बोलते आहे! ऑपरेशन झालेला तरणाताठा माणूस. दुखणं कमी करायचं औषध थेंबाथेंबाने सोडायचं, ते सिरिंजच्या पंपाने एका दमात त्याच्या अंगात ढकललं आणि तो गेला. अलार्म वाजला तेव्हा वहिनी त्याच्या शेजारीच होती, ड्युटीवर. ‘बंद’ दाबलं असं ती म्हणते. दाबलं असतं तर पंप थांबला नसता का, असं बाकी सगळे म्हणतात. पुढच्या शुक्रवारी निकाल. नोकरी तर जाईलच, वर खटला.

दादा तोंडाला कुलूप लावून बसलाय. स्वतःच्या बायकोशी!

४ मार्च, बुधवार

वहिनीच्या वकीलबाईंनी पंपातल्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्रॅम कंपनी देत नाही. हाती आले ते नुसते यंत्राचे आकडे. असल्या आकड्यांतून अर्थ उकरून काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं — मीच मागून घेतलं.

५ मार्च, गुरुवार

प्रोग्रॅमचा नकाशा उभा राहतोय. सरळ एकामागून एक चालणाऱ्या सूचनांचा एक चौकोन. जिथे निर्णय होतो तिथून पुढच्या चौकोनांकडे बाण. आमच्या भाषेत कंट्रोल-फ्लो ग्राफ. वहिनी चहा ठेवायला आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, या जाळ्यात तुम्ही अडकत कसे नाही हो?" किती दिवसांनी चेष्टा केली तिने! मी तिला ‘बंद’ बटणाचा चौकोन दाखवला. "हेच दाबलं मी," म्हणाली. "अगदी हेच."

७ मार्च, शनिवार

‘बंद’पासून निघालेली प्रत्येक वाट औषध ढकलणारी मोटर थांबवण्याकडे जाते. प्रत्येक! पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणजे वहिनीने दाबलंच नाही?

जेवताना दादाने विचारलंच. थाप मारायला हवी होती, जमली नाही. "पंप बरोबर आहे," म्हणालो. दादा ताटावरून उठला. "आता तरी खरं सांगून टाक!" वहिनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च, रविवार

वहिनी खोलीबाहेर आलीच नाही.

१० मार्च, मंगळवार

गाढव! शुद्ध गाढव आहे मी!

ज्या चौकोनात एकही बाण येत नाही तो आम्ही पडद्यावर लपवून टाकतो. तिथे कुणी पोहोचणारच नाही, मग गर्दी कशाला? या धंद्यातले सगळेच असं करतात. आज सहज सगळं उघडून बसलो, तर एक चौकोन एकटाच पडलेला — आत मोटर पूर्ण वेगात! नळीतली हवा काढायचं काम. रोग्याला नळी जोडण्याआधी करायचं असतं ते.

मग तिथे बाण का नाही? कारण उडी कुठे मारायची ते प्रोग्रॅम चालू असताना एका तक्त्यातून उचलतो, आणि नकाशा काढणाऱ्या माझ्या टूलला तो तक्ता वाचता आला नाही. मी हाताने वाचला. नळी दबल्याचा अलार्म — त्या दिवशी वाजला तो हाच — वाजत असताना ‘बंद’ दाबलं की तक्त्यात एक घर चुकतं. चुकून उडी पडते ती थेट इथे!

मी यंत्राला सोडलं आणि वहिनीला पकडून दिलं!

११ मार्च, बुधवार

वकीलबाई, चौकशीचे साहेब, मोठी सिस्टर — सगळ्यांसमोर तोच पंप टेबलावर ठेवला. सिरिंजमध्ये पाणी. नळी चिमटीत धरली, अलार्म वाजला. नळी सोडली, ‘बंद’ दाबलं. पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या शर्टावर! आणि पंपाच्या पडद्यावर अक्षरं — ‘बंद’. मोठी सिस्टर मटकन खुर्चीत बसली.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो वहिनीच्या खोलीच्या दाराशी नुसता उभा राहिला. आत जायचा धीर होईना त्याला.

१३ मार्च, शुक्रवार

वहिनी सुटली! दादा सगळ्यांदेखत रडला.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊजी, मी दाबलंच नसतं तर?"

तीही वाट नकाशात आहे. अलार्म वाजू द्यायचा, कुणी हात लावायचा नाही — पंप आपोआप थांबतो. तो माणूस जगला असता.

"माहीत नाही," म्हणालो.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो," म्हणाली.