गळ, दोन मुली आणि एक कयाक

रविवार, २ मार्च

ठरलं! कयाक घ्यायची, ती वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी. म्हणजे, घ्यायची एवढंच ठरलंय. कुठली, यावरून दुपारपासून घरात धुमश्चक्री चालू आहे.

झालं असं. तळ्यावरून परत आलो, हात हलवत. ते तर नेहमीचंच. दार उघडताच ही म्हणाली, "रविवारी या घरात बाप नावाची वस्तू नसते. एखादा मासा तरी आण रे, म्हणजे खरंच तळ्यावर जातोस यावर विश्वास बसेल!"

मी म्हटलं, काठावर उभं राहून काय मिळणार? मोठे मासे मध्यभागी. कयाक असती तर... हे मी कित्येक वर्षं म्हणतोय आणि ही कित्येक वर्षं "हं" म्हणतेय. आज म्हणाली, "घे."

मी गार!

"पण चौघांना पुरेल अशी घे. मुली येतील, मी येईन. नाहीतर तुझा गळ माळ्यावर जाईल. कायमचा."

मी आठवडाभर कारखान्यात बसून लोकांच्या दातांच्या कवळ्या घासतो. मशीनची घरघर, कवळ्यांचा तो बारीक भुगा, आणि आमचे मालक. रविवारी मला फक्त पाणी आणि शांतता लागते. आता त्या शांततेत तिघी येऊन बसणार. पण कयाक!! झोप येईलसं वाटत नाही.

मंगळवार, ४ मार्च

मेव्हण्याला कळलं. चूक माझीच, फोनवर बोलून गेलो. संध्याकाळी हजर. या माणसाने आजवर पाण्यात पाय घातलाय तो बादलीत. पण माहिती सगळी.

"दाजी, पहिला प्रश्न. आत बसायची की वर बसायची?"

म्हणे आत बसायच्या कयाकीत पाय पोटात घालून बसायचं, खाटेखाली शिरल्यासारखं. वर बसायची म्हणजे उघडी, फळीसारखी. आणि तिच्या तळाला आरपार भोकं असतात! आत आलेलं पाणी त्यातून निघून जातं.

"आणि बाहेरचं पाणी?" हिने शांतपणे विचारलं.

मेव्हण्याने चहा मागितला.

शनिवार, ८ मार्च

दुकानात गेलो. सगळे. मालकीण धिप्पाड बाई, गळ्यात शिट्टी. दुकानात शिट्टी कशाला, ते नंतर कळलं.

मला आत बसायची एक हिरवी कयाक फार आवडली. लांब, निमुळती, देखणी. जमिनीवरच ठेवली होती. म्हटलं बसून बघू. पाय गेले. मांड्या गेल्या. कंबरही गेली, जरा रेटल्यावर. आरामात टेकलो, वल्हं मारल्यासारखं केलं, मुलींना हात हलवून दाखवला. सगळं झकास.

मग उठायला गेलो.

कयाक माझ्याबरोबर उठली!

मालकीणबाईंनी शिट्टी वाजवली. आतून दोघेजण धावत आले. म्हणजे हे तिथे रोजचंच. "साहेबांना आडवं करा," बाई म्हणाल्या. मला कयाकीसकट कुशीवर वळवलं, एकाने कयाक धरली, एकाने माझ्या बगलेत हात घातले. ही मदत करायची सोडून भिंतीकडे तोंड करून उभी. खांदे हलत होते. शेवटी एकदाचा निघालो. एक बूट आतच राहिला.

"बाबांचा जन्म झाला!" थोरली ओरडली. नऊ वर्षांची आहे. हे सगळं ही शिकते कुठे?

बाईंनी मग नीट समजावलं. मासे धरायचे तर रुंद हवी, म्हणजे गळ खेचताना डुलत नाही. मुलं न्यायची तर वर बसायचीच हवी. "उलटली तरी आत अडकून राहत नाहीत."

'उलटली' हा शब्द ऐकून हिचा चेहरा असा झाला, की आम्ही काहीही न घेता घरी आलो.

रविवार, ९ मार्च

मेव्हण्याने मित्राकडून हवा भरायची कयाक आणली. "घडी करून कपाटात राहते, दाजी! वजन नाही, काही नाही!"

पंप मारून मारून माझा जीव अर्धा झाला. पण फुगल्यावर खरंच छान दिसत होती. काठाजवळच, गुडघाभर पाण्यात, मी आणि मेव्हणा बसलो. मुली काठावरून बघताहेत. मी ऐटीत गळ मागे नेला, टाकायला...

फुस्स!

गळ पाण्यात गेलाच नाही. मेव्हण्याच्या बाजूला कयाकीतच रुतला. आधी त्याला वाटलं साप आहे. उभा राहिला! उभं राहू नको म्हणून मी त्याला धरायला उठलो. मग दोघेही उभे, आणि खाली कयाक हळूहळू पोळीसारखी सपाट होत चालली. आम्ही गळाभेट घेऊन खाली बसलो. गुडघाभर पाण्यात बसलं की ते छातीपर्यंत येतं, हे आज कळलं.

धाकटी म्हणाली, "परत!"

मेव्हणा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. एका अर्थी बरंच झालं.

गुरुवार, १३ मार्च

हिने काम हातात घेतलं. आता माझी धडगत नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून पाणीपुरवठ्याच्या तक्रारी ऐकते ना ही! नळ गेला, पाईप फुटला, शिव्या, रडारड. आणि घरी येऊन माझी कयाक. पण दुकानातल्या बाईंना फोन करून मापं विचारली, आणि बैठकीत फरशीवर चिकटपट्टीने कयाक आखली. पूर्ण मापात. सोफा सरकवून.

"बसा सगळे."

पुढे ही, मग धाकटी, मग थोरली, मागे मी. हातात झाडू. हिने पोछ्याचा दांडा घेतला. वल्ही मारायला लागलो. माझा झाडू थोरलीच्या कानाला, हिचा दांडा टीव्हीला. धाकटी मध्येच पट्टीच्या बाहेर निघाली.

"बुडालीस!" थोरली म्हणाली.

"मला शू लागलीय."

"बुडालेल्यांना नसते लागत!"

यावरून जे भांडण पेटलं, ते खालच्या काकू वर येईपर्यंत. काकूंनी दारातून पाहिलं: चार माणसं फरशीवर एकामागे एक बसलेली, हातात झाडू. "काही नाही, काकू, कयाक," मी म्हटलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि तशाच खाली गेल्या.

पण एक कळलं. आमच्यात दोघांनीच वल्हं मारायचं. मुलींनी मारायचं नाही. मुलींनी कशालाच हात लावायचा नाही.

शनिवार, २२ मार्च

घेतली!!!

बाईंनी तळ्यावर नेऊन फिरवून दाखवली. वर बसायची, रुंद, पिवळीधमक. मोठ्यांच्या दोन बैठका, मध्ये मुलांना जागा. आणि खरी गंमत म्हणजे पुढची बैठक काढता येते! मागची मध्यावर सरकवली की झाली एकट्याची, गळाची. गळ उभा करायला भोकंसुद्धा आहेत. भोकं ऐकून ही दचकली. पण ही भोकं वेगळी, आरपार नाहीत.

मी मुद्दाम डुलवून बघितली. हलली नाही! ही पुढे बसली होती, डोळे गच्च मिटून. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग म्हणाली, "अय्या."

बस्स, झालं काम.

लाइफ जॅकेटं चार. धाकटी तिचं काढायला तयार नाही. जेवली त्यातच, झोपलीय त्यातच.

रविवार, २३ मार्च

जिन्यात अडकली. (कयाक.) खालच्या काकू घराबाहेर पडू शकत नाहीत.

सोमवार, २४ मार्च

निघाली. काकूंच्या दाराचा थोडा रंगही निघाला. आता बैठकीत तिरपी ठेवलीय, सोफा बाहेरच्या सज्जात. मुली कयाकीत बसून जेवतात, अभ्यास करतात, टीव्ही बघतात. मालकांचा फोन आला तेव्हा धाकटीने उचलला. "बाबा कयाकीत झोपलेत." खरंच झोपलो होतो. काय करणार, सोफा बाहेर!

रविवार, ३० मार्च

पहिली सफर.

काय लिहू! हवा अशी, पाणी असं. दहा वल्ह्यांत काठ मागे पडला. मी ज्या जागेकडे वर्षानुवर्षं काठावरून नुसतं बघत होतो, तिथे पोचलो. गळ बाहेर काढला. आमिषाचा डबा उघडायला बघतो तर डबा धाकटीच्या मांडीवर. उघडाच.

"हे काका आहेत," तिने एक गांडूळ दाखवलं. "ही काकी. हे बाळ."

"दे इकडे."

"काय करणार?"

मी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने तिला खरं सांगितलं. सविस्तर!

मग जो आकांत झाला! तळ्याच्या त्या काठावरच्या माणसांनी उठून पाहिलं. ही म्हणाली, "जाऊ दे ना रे, एक दिवस." म्हणजे काका-काकी वाचले. मी मग जेवणाच्या डब्यातल्या पोळीचा तुकडा गळाला लावला. थोरलीने पाण्यात वाकून मोठ्याने विचारलं, "मासेहो, आहात का?" पंधरा मिनिटं विचारत होती. असतील नसतील तेवढे सगळे परगावी गेले असणार.

परत येताना गांडुळांचं कुटुंब ओल्या मातीत सोडायचा समारंभ झाला. मला दोन शब्द बोलायला लावलं.

एकही मासा नाही. पण हसून हसून माझं पोट दुखतंय. आणि बाईंनी तळ्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये कयाक ठेवायला जागा दिली. सोफा आत आला. खालच्या काकूंनी बाईंना आशीर्वाद दिले.

रविवार, ६ एप्रिल

कंबर गेली.

शेडमधून कयाक पाण्यात लोटली आणि वाकलेला तसाच राहिलो. सरळही होता येईना, बसताही येईना. मुलींना वाटलं मी घोडा झालोय. धाकटी चढलीही.

ही म्हणाली, "आता आलोच आहोत, तर मी एक चक्कर मारून येते. लगेच."

एकटी? "जमेल तुला?" मी जमिनीकडे बघतच विचारलं. उत्तर म्हणून वल्ह्याचा आवाज आला.

मुलींनी माझ्या पाठीवर दगड रचले, मग पानं, मग किल्ला. डब्यातला खाऊ संपला. दुसऱ्या डब्यातलाही संपला. तरी हिचा पत्ता नाही! थोरली म्हणाली, "आई तिकडे मध्ये नुसतीच थांबलीये. वल्हंपण मारत नाहीये." मला मान वर करता येत नव्हती, म्हणून दिसलं नाही. हाका मारल्या. एकदा हात हलवला म्हणे. मग तोही नाही.

आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी तोंड भरून बोलणार होतो. पण तिच्याकडे कसंबसं तिरकं पाहिलं. हा चेहरा मी पाहिलाय, लग्नाच्या आधी कधीतरी.

"काही झालं का?" मी विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. "काहीच झालं नाही!" आणि हसली.

बुधवार, ९ एप्रिल

कंबर तशीच. उभ्याने कवळ्या घासतोय. मालक म्हणाले, "मासा धरला की माशाने तुम्हाला?" सगळा कारखाना हसला.

ही भांडी घासताना शीळ घालत होती. हिला शीळ येते??

रविवार, १३ एप्रिल

डॉक्टरांनी वल्हं मारायला बंदी केलीय. सकाळी ही म्हणाली, "मी जरा कयाक धुऊन येते."

संध्याकाळी आली.

"धुवायला एवढा वेळ?"

"मोठी आहे रे."

मुलींच्या वेण्या मी घातल्या. थोरली म्हणते, एक कानाच्या पुढे आलीय आणि एक डोक्याच्या मागे. स्वयंपाक केला, भांडणं सोडवली, रडारड निस्तरली, धाकटीच्या नाकातला वाटाणा काढला. संध्याकाळी माझी अवस्था पिळलेल्या फडक्यासारखी. ही मात्र ताजीतवानी. नाकावर ऊन लागून लाल झालेली.

शनिवार, १९ एप्रिल

कंबर मोकळी! उद्या जाणार. पुढची बैठक काढून, मागची मध्यावर सरकवून, एकटा. हिला तसं सांगितलं. वाटलं होतं, कुरकुर करेल.

"जा की," म्हणाली. "पण आधी दहा वाजेपर्यंत थांब. टेम्पो येणार आहे."

कसला टेम्पो, ते सांगेना.

रविवार, २० एप्रिल

टेम्पोतून कयाक उतरली. नवीकोरी, निळी, सडपातळ. एकाच बैठकीची. मला एकदम भरून आलं. जिन्यातच हिचा हात धरला. म्हटलं, "अगं, माझ्यासाठी एवढं कशाला..."

"तुझी नाही रे," ही म्हणाली. "माझी. पिवळी तुम्हा तिघांची."