उतरलेल्या निषादाचा दावा

अण्णा,

गेल्या महिन्यात मी ग्राहक न्यायालयातला एक दावा जिंकले, आणि तेव्हापासून मला कळेनासं झालंय की मी नेमकं जिंकले काय. घरात बोलायला गेलं तर म्हणतात, सुटलीस ना, मग आता कशाला उगाळत बसतेस? तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण ज्या कामावरून हे सगळं झालं ते मी तुमच्याच हाताखाली शिकले, आणि त्या पेटीशी तुमचाही संबंध निघाला, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बत्तीस वर्षांची होते. शाळेतली संगीत शिक्षिकेची हंगामी नोकरी सुटली होती, आणि स्वतःची पेटी दुरुस्त व्हायची वाट बघत रविवार कारंज्यावरच्या तुमच्या दुकानात बाकावर बसले होते. तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या पेटीचा सूर लावत होता. मी न राहवून म्हणाले, "अजून किंचित चढा हवा." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "कान हाय तुला. हात हाय का?" दुसऱ्या दिवसापासून मी यायला लागले. सरसाचा वास, गरम करायला ठेवलेली ती डबी, भात्याच्या कातड्याच्या कापलेल्या पट्ट्या. वर्षभर तुम्ही मला कानशीला हात लावू दिला नाहीत. मग एकदा निफाडकडच्या एका भजनी मंडळाची पेटी फक्त भाता शिवायला आली होती, आणि तुम्ही बाहेर गेला असताना मी हौसेनं तिचे तीन बेसूर सूर लावून ठेवले. तुम्ही आलात आणि पेटी वाजवून बघितलीत. "त्यांना इचारलं व्हतं?" मी म्हणाले, "नाही, पण आता छान वाजते." "छान कुनाला? पेटी कुनाची हाय?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही मला पेटीजवळ फिरकू दिलं नाहीत. पेटी न्यायला मंडळी आली तेव्हा मला पुढे करून सगळं सांगायला लावलंत. आणि झालं काय, तर ती माणसं खूश झाली! पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी पेढे घेऊन आली. पेढ्यांचा पुडा तुम्ही उघडलासुद्धा नाहीत. मला मात्र तेव्हापासून वाटत राहिलं, की त्या दिवशी रागावण्यात तुमचंच चुकलं.

आता या पेटीचं सांगते. मागच्या वर्षी मनमाडहून एक गृहस्थ आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, साठीचे, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. पेटी त्यांच्या वडिलांची. वडील गायन पार्टीत होते, जयंतीला आणि एरवीही वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं गायचे. ते गेल्यावर पेटी माळ्यावर राहिली आणि उंदरांनी भाता कुरतडला. गृहस्थ म्हणाले, "भाता करून द्या मॅडम, आन् काय असंल ते बघून घ्या." निदान मला तरी ते असंच आठवतं. ते म्हणतात, मी फक्त भाता म्हणालो होतो. मी पावतीवर "संपूर्ण दुरुस्ती" लिहिलं आणि त्यांनी पावती न वाचता खिशात घातली. पेटी उघडली तर मधल्या सप्तकातली एक पट्टी, कोमल निषादाची, उतरलेली होती. थोडी नाही, चांगली जाणवेल इतकी. मी तो सूर लावला, बाकीचेही जुळवून घेतले, पेटीला पॉलिश केलं. नेताना त्यांनी ती वाजवून बघितली नाही, कारण त्यांना पेटी येत नाही. पूर्ण मजुरी देऊन, हात जोडून गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "मॅडम, पेटी चांगली वाजती. पण ती आमची नाय राहिली." त्यांच्या पुतण्यानं घरी वडिलांच्या जुन्या कॅसेटबरोबर ती वाजवली होती आणि एका जागी ती वडिलांच्या आवाजाला सोडून जायची. मी समजावलं, की तो सूर चुकीचा होता, मी बरोबर केला. ते म्हणाले, "चुकीचा नव्हता. रविवार कारंज्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडनं वडिलांनी मुद्दाम तसा करून घेतला व्हता. त्यांचा आवाज तिथं तेवढाच लागायचा." म्हणजे तुम्ही, अण्णा. मला हसू आलं. जो माणूस तसूभर उतरलेला सूर दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, तो मुद्दाम सूर उतरवून देईल? मी फोनवर त्यांना तसं बोलूनही दाखवलं, जरा जास्तच तोऱ्यात. दोन महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. न सांगितलेलं काम केलं, वस्तूचं नुकसान केलं, मजुरी परत मिळावी.

वकिलानं सांगितलं, एवढ्याशा मजुरीच्या दाव्यासाठी मला कशाला फी देता, तुम्हीच जा. म्हणून लेखी जबाब मीच लिहिला. त्या कागदांत मला नावानं कुणी हाक मारत नाही. ते तक्रारदार आणि मी सामनेवाले. तीन तारखा नुसत्या पुढे गेल्या. चौथ्या तारखेला ते मनमाडहून रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा करत पेटी घेऊन आले, चादरीत बांधून. कॅसेटवरचं गाणं पुतण्यानं मोबाईलमध्ये भरून दिलेलं. समोर बसलेल्या अध्यक्ष मॅडमनी परवानगी दिली आणि त्या हॉलमध्ये, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये, त्यांच्या वडिलांचा आवाज सुरू झाला. खरखर फार, पण खडा आवाज. ते गात गात त्या कोमल निषादावर येतात, आणि आवाज तिथे जरासा खाली बसतो, आणि पेटी त्याच्याबरोबर खाली बसते. बेसूर होतं का ते? मला अजून ठरवता येत नाही. एकट्या पट्टीचा सूर म्हणाल तर उतरलेला होता. त्या गाण्यात मात्र तो तसाच हवा होता. मग मला पेटी वाजवायला सांगितली. मी तीच ओळ वाजवली, चोख, माझ्या हातानं लावलेल्या सुरांत. मॅडम दोन्ही ऐकून म्हणाल्या, "मला तर दोन्ही सारखंच वाटतं." शेजारचे सदस्य हसले. तक्रारदार हसले नाहीत. मीही नाही. त्या हॉलमध्ये फरक कळणारी आम्ही दोनच माणसं होतो, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभी होती.

मला विचारलं, "सूर बदलायला यांनी सांगितलं होतं का?" मी म्हणाले, "काय असेल ते बघा असं म्हणाले होते." पावती दाखवली. बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा दिला, अण्णा. मी सामनेवाले आणि चहा त्यांनी दिला. मी विचारलं, "एवढ्या मजुरीसाठी एवढे हेलपाटे कशाला हो घालता?" "पैशासाठी नाय. तुम्ही फोनवर बोलला, चुकीचा व्हता. माझा बाप चाळीस वरीस चुकीचं गात व्हता, असं झालं ते. कुनीतरी कागदावर लिहून द्यावं, का तसं नव्हतं. बस." मला तिथेच काहीतरी म्हणता आलं असतं. मी रिकामा कप टपरीवर परत ठेवून आले.

निकाल माझ्या बाजूनं लागला. सेवेत त्रुटी सिद्ध होत नाही, तक्रार फेटाळण्यात येते. म्हणजे कागदावर आलं ते त्यांना हवं होतं त्याच्या बरोबर उलटं. त्यानंतरच्या रविवारी मी मजुरीचे पैसे पाकिटात घालून मनमाडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं पोहे केले. पाकिटाला मात्र त्यांनी हात लावला नाही. "आता कशाला ताई? निकाल लागला ना." ते मला ताई म्हणाले, याचा अर्थ माफ केलं की परकं केलं, तेही कळलं नाही. मी म्हणाले, सूर पुन्हा उतरवून बघू का? त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "व्हईल?" मी हो म्हणाले.

पेटी आता माझ्यापुढे आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर ते गाणं लावते आणि त्या पट्टीखालच्या पितळी पत्तीच्या मुळाशी हलकेच कानस फिरवते. तो आवाज बसतो तिथवर जायचं असतं, पण माझा कान अलीकडेच थांबतो, म्हणतो पुरे, आता बेसूर होईल. पत्ती पातळ झाली आहे. चुकले तर तुटेल. तुम्ही हे कसं केलंत? त्या माणसाला समोर बसवून गायला लावलंत का? आणि मग मला का नाही सांगितलंत, की सूर असाही लावतात?

एक गोष्ट जबाबात लिहिली नाही, आणि मला कुणी विचारलीही नाही. ती पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हाच मी ओळखलं होतं की त्या पत्तीवरचे कानशीचे चरे तुमच्या हातचे आहेत. तुमच्यासारखे तिरके, एकसारखे चरे दुसरं कुणी काढत नव्हतं. शेवटी शेवटी तुमचा हात कापायचा, तेव्हाचं हे काम असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण ते चरे कापऱ्या हाताचे नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं. तुमची चूक सापडली, याचा मला आनंद झाला होता, अण्णा.