अस्वल दोनदा बोलतं

१ जानेवारी १९९६, सोमवार
खत कंपनीची डायरी मिळाली. यंदा रोज लिहिणार. तंबाखू बंद. पहाटे फिरायला जाणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जूनपर्यंत आमची योगिनी इंग्रजीत फाडफाड बोलणार.
योगूला चौथं चालू आहे. बारामतीच्या इंग्रजी शाळेत मे महिन्यात तिचा इंटरव्ह्यू. दिवाळीत तिला मोठा ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याआधी दिवसभर टकळी चालायची. आता शांत असते. बायको, सारजा, काळजी करते. मी म्हणतो, पोरीला समज आली.
जुना व्हिडिओ आणि कार्टूनच्या कॅसेटी आणल्या. त्यात एक अस्वल आहे. ते प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत बोलतं, मग तेच मराठीत. आमच्या कन्हेरी गावात असं अस्वल पहिलंच.

२ जानेवारी
उठायला उशीर. फिरणं उद्यापासून.

९ जानेवारी
योगूचा प्रोग्रेस उत्तम. टीव्हीला चिकटून बसते, एक तळहात त्याच्या पेटीवर ठेवून. असं कॉन्सन्ट्रेशन मी आमच्या दूध संघाच्या ऑफिसात एकाचंही पाहिलेलं नाही. सारजाची तक्रार, हाक मारली तर बघत न्हाय. बघेल कशी? अस्वलाचं चालू असतं.
तंबाखू फक्त जेवणानंतर.

२१ जानेवारी, रविवार
आळीतली सगळी पोरं आमच्याकडंच कॅसेट बघतात, तेव्हा पालकांची सभा घेतली. अध्यक्ष मीच.
शेजारचे भानुदास, बँकेत आहेत, म्हणाले की आमच्या बापाला इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं, आमचा बुद्धघोष अस्वलाकडून शिकू दे न्हायतर गाढवाकडून, शिकला पायजे. टाळ्या मीच वाजवल्या. सिंधुबाईंचं उलटं. त्यांचा नातू भाकरीला ब्रेड म्हणाला आणि भाकरी खाईना. दोन्ही भाषा एकदम शिकवल्या तर पोरगं मधीच अडकंल, असं त्यांचं मत. आळीतले म्हातारे अप्पा म्हणाले डोळं जातील. कुणी म्हणालं आवाज कमी करा, गोठ्यातली म्हैस बुजती.
माझं भाषण चांगलं झालं. मेंदू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सारजा चहा देताना एवढंच म्हणाली की माझी पोरगी पयल्यासारखी बोलाय लागली तरी बास. विषय सोडून बोलण्याची तिची सवय.

१२ फेब्रुवारी
बुद्धघोष "ओपन द डोअर" म्हणाला आणि स्वतःच दार उघडलं. कौतुक आहे, पण पाठांतर म्हणजे ज्ञान नव्हे.
योगू काही म्हणत नाही. पूर्वी "पानी दे" म्हणायची, आता पदर ओढून माठ दाखवते. हा गिअर बदलण्याचा काळ. एका भाषेतून दुसरीत जाताना गाडी क्षणभर न्यूट्रलला येतेच. सारजाला हे उदाहरण दिलं. ती म्हणाली, तुमचा क्षण लई लांबला.
रात्री जरा काळजी वाटली. कॅसेट दोनदा लावायचं ठरवलं.

३ एप्रिल
अंथुर्ण्याला सासुरवाडीच्या जत्रेला गेलो. आमची धनगरांची मेंढरं गेली, शेती आली, पण ढोल सुटला नाही. गजीढोल सुरू झाला तशी सगळी चिल्लीपिल्ली कानावर हात ठेवून आयांच्या मागं लपली. आमची योगू थेट ढोलाजवळ. त्याच्या अंगाला पोट लावून उभी राहिली आणि हसली. दिवाळीनंतर एवढी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.
आबांना, म्हणजे बरोबर आलेल्या माझ्या वडिलांना, भरून आलं. तिच्या कपाळाला भंडारा लावून म्हणाले, ढोलाला न भिणारं पोर, रक्त आपलंच हाय. सगळ्या पाव्हण्यांना दाखवली. मीही छाती काढून उभा राहिलो. अशी पोर इंटरव्ह्यूला काय भिणार?

२० एप्रिल
टीव्हीचा आवाज गेला. चित्र येतंय, अस्वल तोंड हलवतंय, आवाज नाही. पोरांनी बोंब ठोकली आणि गेली निघून. योगू एकटी बसून राहिली. आधी तळहाताकडं बघितलं, फ्रॉकला पुसला, परत पेटीवर ठेवला. मग शेवटपर्यंत बघत बसली, नेहमीसारखीच.
याला म्हणतात निष्ठा. सारजाला बोलावून दाखवलं. ती कितीतरी वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, अवो, आवाज न्हाय तरी हिला काईच कसं वाटंना? मी म्हणालो, तिला तोंडपाठ आहे.

४ मे
इंटरव्ह्यू. मॅडम रजिस्टरमध्ये बघत नाव विचारत होत्या. योगू पंख्याकडं बघत होती. मीच उत्तर दिलं, इंग्रजीत. मॅडमनी टेबलावरची घंटा उचलून तिच्या मागं जाऊन वाजवली. पुन्हा वाजवली. मग मला म्हणाल्या, आधी हिचे कान दाखवून घ्या.
अ‍ॅडमिशन नाकारायची ही नवीन रीत दिसते. एसटीत मी पूर्ण वेळ बोललो, सारजा योगूच्या कानाकडं बघत होती.
घरी आल्यावर तिनं योगूच्या पाठीमागं उभं राहून परातीवर लाटणं आपटलं. योगू भातुकली मांडत होती. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आबा बाहेरून धावत आले. योगू मांडतच होती. सारजा तिथंच खाली बसली.
मी म्हणालो, घरातल्या आवाजाकडं तिचं लक्ष नसतं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

९ मे
कानाचे डॉक्टर. दिवाळीच्या तापात दोन्ही कानांची नस गेली. फार थोडं ऐकू येतं. म्हणून बोलणं विसरत चाललीय. पुण्याला तपासणी, मशीन. ताप उतरल्यावर लगेच आणायला हवी होती, म्हणाले. अजून वेळ गेली नाही, पण आता रोज समोर बसून बोला. ओठ दिसले पाहिजेत. भाषा एकच, घरातली.
मी विचारलं, मग इंग्रजी साधारण कधी सुरू करायचं? सारजा पोरीला उचलून बाहेर गेली.
घरी आबांनी भंडाऱ्याचा डबा देव्हाऱ्यात मागं सरकवला.

१० मे
सकाळी योगूसमोर बसलो. सभेत मी तासभर बोललो होतो. आज काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणालो, योगू.
तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. मग पुढं सरकली आणि तळहात माझ्या गळ्यावर ठेवला, टीव्हीवर ठेवायची तसा. पुन्हा म्हणालो. ती हसली, ढोलाजवळ हसली होती तशी. मी थांबलो की गळ्यावर चापट मारायची.
ऑफिसला गेलो नाही. दुपारपर्यंत तेवढं एकच नाव घेत बसलो.